खाऱ्या मातीच्या पणत्या

गाव सोडलं त्या सकाळी अण्णा, माझे वडील, मला एसटी स्टँडवर सोडायला आले नाहीत. ते कुंभार, दोनशे मडकी भाजायचा आवा नुकताच पेटवला होता. "आवा पेटलाय, मला हलाय यायचं न्हाई. तू जा," एवढंच म्हणाले. गाडीच्या खिडकीतून गावावरचा धूर बराच वेळ दिसत होता. मी बावीस वर्षांचा होतो. त्या सकाळचा राग पुढे कितीतरी वर्षं टिकला.

तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो, पनवेलला फ्लॅट घेतला. सत्तावीस वर्षं मातीला हात लावला नाही. मग मुलीला मातीकाम शिकायचं होतं म्हणून एका स्टुडिओत चौकशी केली आणि फी ऐकून परत आलो. शेवटी सोसायटीच्या हॉलमध्ये मीच रविवारचा वर्ग सुरू केला. महिना शंभर रुपये; ज्यांना जमत नाही त्यांना तेही नाही. चौदा मुलं आली, नऊ सोसायटीतली, पाच बाहेरची.

सेक्रेटरींनी अट घातली. दिवाळीला शहाण्णव फ्लॅटच्या दारांत मुलांच्या पणत्या लागल्या, तर हॉल पुढेही आमचा. नाहीतर रविवारी तो वाढदिवसांना भाड्याने जाणार.

खाडीकाठची माती आणली. अण्णांचं माप पाठ होतं: तीन घमेली मातीला एक घमेलं राख. बाहेरच्या पाचांत मनीषा होती, पंधरा वर्षांची. तिचे आईवडील कर्नाळ्याकडे वीटभट्टीवर काम करतात. तिने चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"काका, खारी हाय ही. आमी भट्टीवर अशी नाय घेत."

"आमच्या चार पिढ्या याच मापानं करतात," मी म्हणालो आणि राख मोजायला घेतली.

ओळखीच्या एकाच्या शेताच्या बांधाजवळ एकशे वीस पणत्या भाजल्या. अडतीस धड निघाल्या. बाकीच्यांवर पांढरा थर आला होता आणि बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. "काका, पापड झाले!" एक मुलगी ओरडली आणि सगळी हसली. मनीषा हसली नाही. हॉल गेला तर सोसायटीतली मुलं दुसरीकडे फी भरून शिकतील, या पाचजणांना दुसरी जागा नव्हती. हे मला स्पष्ट दिसत होतं आणि चूक माझी होती.

दिवाळीला बारा दिवस उरले होते. मी मनीषालाच विचारलं, आता काय करायचं?

"तीनदा धुवा. माती बसली का वरचं पानी सांडायचं. राख नको, भाताचं तूस टाका. आन् तुमचं माप तुमच्या गावाला ठेवा."

तसंच केलं. पुन्हा एकशे वीस पणत्या झाल्या. आवा पेटवून तासभर झाला असेल, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. दिवाळीला कधी निघणार, विचारत होते.

"अण्णा, आवा पेटलाय. मला हलाय यायचं न्हाई."

अण्णांनी विचारलं, "वारा कुठनं हाय?"

"खाडीकडनं."

"मग त्या अंगाला आडोसा कर. आन् राख किती घातलीस?"

"नाही घातली. इथल्या मातीला चालत नाही. एका पोरीनं सांगितलं."

"बरं केलंस इचारलंस. मी कुठं पनवेलची माती मळलीया!"

दुसऱ्या दिवशी एकशे तीन धड निघाल्या. शहाण्णव दारांत लागल्या. उरलेल्या सातांतली एक मनीषाने घरी नेली, एक मी अण्णांसाठी ठेवली आहे.

गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, आम्ही भेटलो की एकमेकांना विचारतो, घरी कधी जाणार? इतकी वर्षं मी गावाला जायची तारीख सांगत आलो. पण त्या दिवशी अण्णांनी वारा विचारला तेव्हा मान वर न करताच मी सांगितलं. कुठून वाहतोय ते बघावं लागलं नाही; घरचा वारा न बघताच कळतो.