अण्णांचा जबाब

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हेही कधीकधी आठवत नाही. भांडुपची ही एक केस मात्र जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. खरं तर तपास म्हणून ती साधीच होती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी फौजदार होतो. घरची मंडळी सावंतवाडीकडे गावी, मी इथे पोलीस वसाहतीतल्या एका खोलीत, आणि जेवण खानावळीत. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. आमच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याला तमिळ लोकांची मोठी झोपडवस्ती होती आणि तिला लागून कोकणातल्या गिरणी कामगारांच्या चाळी होत्या. या वस्तीतले एक गृहस्थ अपक्ष म्हणून उभे होते. त्यांचं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणतो.

अण्णा तिरुनेलवेलीकडून आलेले. आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला हाताला धरून मुंबईला आले आणि एका हॉटेलात कपबशा विसळायला लागले. बहिणीला मोठं केलं, तिचं लग्न लावलं, स्वतः मात्र लग्न केलं नाही. बहीण, मेव्हणा आणि दोन भाचे यांच्याबरोबरच ते राहत. वस्तीला नळ मिळावा म्हणून पालिकेच्या कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घालताना ते मराठी शिकले. ती चांगली सफाईदार होती, फक्त मन अस्वस्थ झालं की स्त्रीलिंग-पुल्लिंगाची गल्लत व्हायची. नळ आला, रेशनकार्डं झाली, मग लोकांनीच त्यांना उभं केलं. वस्तीतला माणूस आमदारकीला उभा राहतो हे तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना, एका संध्याकाळी सार्वजनिक नळाजवळच्या बोळात अण्णांच्या डोक्यात कुणीतरी लोखंडी वस्तू घातली. ते बेशुद्ध पडले. वस्तीत एकच ओरड झाली, चाळीतल्या मराठी पोरांनी अण्णांना मारलं. आदल्याच दिवशी चाळीतल्या तीन तरुणांनी अण्णांची पोस्टरं फाडली होती आणि 'परत जा'च्या घोषणा दिल्या होत्या. जमाव ठाण्यावर आला. मी त्या दिवशी कोर्टाच्या कामाला गेलो होतो. परत येईतो तिघांना घरातून उचलून आणलं होतं आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला होता. तपास माझ्याकडे आला.

मी तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. त्यांतला थोरला बावीस-तेवीसचा असेल. बाप गिरणीत बदली कामगार.

"पोस्टर फाडलं, ते कबूल," तो म्हणाला. "घोषणा दिल्या, तेपण कबूल. हात नाय लावला साहेब."

"मग त्या वेळी कुठे होतास?"

"कॅरम खेळत होतो. तिथले सगळे आमचेच आहेत, तुम्ही त्यांचं ऐकणार नाय. मग सांगून काय फायदा?"

मार चुकवण्यासाठी खोटं बोलणारा सहसा सगळंच नाकारतो. हा अर्धं कबूल करत होता आणि अर्ध्यावर ठाम होता. बाकीचे दोघेही तेच आणि तेवढंच सांगत होते. मी स्टेशन डायरीत नोंद केली, पण मनाला पटेना.

थोरल्याची आई सकाळपासून ठाण्याच्या फाटकाशी उभी असायची. काही मागत नसे, रडत नसे. ठाणे अंमलदाराने बाकावर बसायला सांगितलं तरी बसत नसे. तिच्याकडून मला एवढंच कळलं, की पोराला बस कंडक्टरच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं. पोलीस पडताळणीत हा गुन्हा निघाला असता तर ती नोकरी गेलीच म्हणायची.

दोन दिवसांनी आमच्या बीट हवालदाराने एका न्हाव्याला मागच्या दाराने आणलं. वस्ती आणि चाळ यांच्या मधल्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं आणि दोन्हीकडची माणसं त्याच्याकडे येत.

"माझं नाव येता कामा नये साहेब," तो म्हणाला. "धंदा करायचाय मला तिथंच."

"नाही येणार. बोल."

"गलका झाला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर होतो. एक माणूस बोळातनं पळाला. तोंड नाय दिसलं. पण तो चाळीकडे नाय आला. आत वस्तीत गेला."

मारून पळणारा माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस आपल्या माणसांकडे पळतो. मराठी पोरगा अण्णांना मारून तमिळ वस्तीत शिरला असता तर तिथेच त्याची वाट लागली असती. हे ध्यानात आल्यावर मी मुलुंडच्या रुग्णालयात गेलो आणि आधी डॉक्टरांना भेटलो. जखम कपाळावर होती, वार समोरून झाला होता. म्हणजे अण्णांनी मारणाऱ्याला पाहिलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी दिलेल्या पहिल्या जबाबात मात्र 'कुणाला पाहिलं नाही' असं होतं.

वॉर्डातल्या नर्सला मी सहज विचारलं, "यांचा डबा कोण आणतं?"

"कार्यकर्ते आणतात. घरचं कुणी आलेलं नाही."

मी तसाच वस्तीत गेलो. अण्णांची बहीण नळावर हंडा लावून उभी होती. मला पाहताच तिने पदर पुढे ओढला. तिचा नवरा कुठे आहे, असं विचारल्यावर एकच शब्द बोलली, "गाव." हंडा भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. शेजारणींनी आपापल्या हंड्यांकडे नजर वळवली. तिचा नवरा वस्तीमागे हातभट्टी चालवतो हे आम्हाला ठाऊक होतंच. दोनदा धाडही पडली होती. चाळीतल्या सभेत अण्णांनी जाहीर केलं होतं की निवडून आलो तर पहिल्यांदा भट्ट्या बंद करीन. त्यावर लोक मेव्हण्याकडे बघून हसले होते, हेही हवालदाराने मला सांगितलं.

मी पुन्हा रुग्णालयात आलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"जखम समोरून आहे अण्णा," मी म्हणालो. "तुम्ही त्याला पाहिलंत."

"अंधार होता साहेब."

"दिवे लागले नव्हते, पण उजेड होता. बहीण का येत नाही भेटायला?"

"ताप आहे तिला."

"मी आत्ता तिलाच भेटून येतोय. पाणी भरत होती."

त्यांनी भिंतीवरून नजर वळवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती पोरं सुटतील ना? पुरावा नसेल तर कोर्ट सोडतेच."

"कधीतरी सुटतील. तोवर तुरुंगात राहतील. एकाला कंडक्टरची नोकरी लागायची होती, ती जाईल."

"कुठला?"

"थोरला. त्याची आई रोज आमच्या फाटकाशी उभी असते."

"तोच मला परत जा म्हणाला," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. "साहेब, बहीण पाच वर्षांची होता तेव्हापासून मी सांभाळलं. आज तुम्ही जा."

मी निघालो. दडपण आणता आलं असतं, पण ज्याला बोलायचं आहे त्याला एक रात्र द्यावी असा माझा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यासमोर रिक्षा थांबली. डोक्याला पट्टी बांधलेले अण्णा खाली उतरले. डॉक्टरांचं न ऐकता ते आले होते. बरोबरचा एक कार्यकर्ता त्यांना समजावत होता, "अण्णा, मतदान होऊ दे, मग बघू. आपलीच माणसं फुटतील."

"मतदान होईपर्यंत ती पोरगा आत राहणार," अण्णा म्हणाले आणि फाटकातून आत आले. थोरल्याची आई बाजूला सरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

माझ्यासमोर बसून त्यांनी मेव्हण्याचं नाव घेतलं. आवाज स्थिर होता. पुढे कुणी दबाव आणून जबाब फिरवू नये म्हणून मी लगेच दंडाधिकाऱ्यांसमोर तो नोंदवून घेतला. त्याच संध्याकाळी आम्ही मेव्हण्याला धारावीतल्या एका नातेवाइकाकडून ताब्यात घेतलं. त्याने फार ताणलं नाही.

"माझ्या घरात जेवतो आणि माझाच धंदा बंद करतो," तो म्हणत राहिला. "सगळ्यांसमोर हसं केलं माझं."

पंचांसमोर त्याने भट्टीवरच्या पिंपातून नळाच्या पाइपाचा तुकडा काढून दिला. आम्ही कोर्टात अहवाल पाठवला आणि तिघं सुटले. थोरल्याने जाताना मला विचारलं, "अण्णांनी स्वतः सांगितलं?" मी हो म्हणालो. तो आईच्या मागून चालत गेला. नोकरी त्याला मिळाली.

अण्णा निवडणुकीत पडले. वस्तीतली बरीच मतं फुटली. स्वतःच्या बहिणीचा संसार मोडणारा आमचं काय भलं करणार, असं बायका बोलत. खटल्यात त्यांनी पुन्हा तीच साक्ष दिली आणि मेव्हण्याला शिक्षा झाली. त्या दिवशी बहीण कोर्टाबाहेर त्यांना तमिळमध्ये एकच वाक्य बोलली आणि मुलांना घेऊन निघून गेली. मी अर्थ विचारला नाही. नंतर ती गोरेगावला दूरच्या नात्यात राहायला गेल्याचं समजलं.

माझी बदली अंधेरीला झाली. मधल्या काळात अण्णांनी गटारं बांधून घेतली, वस्तीच्या शाळेत वरचे वर्ग आणले. हळूहळू राग निवळला, चाळीतली माणसंही त्यांच्यामागे उभी राहिली, आणि पुढच्या निवडणुकीत ते निवडून आले.

शपथविधीच्या आधी एक कार्यकर्ता माझ्याकडे विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीचा पास घेऊन आला. पास घरच्या माणसासाठी होता. "बहिणीकडे पाठवला होता, तिने परत केला," तो म्हणाला. "अण्णा म्हणाले, साहेबांना द्या."

मी रजा टाकून साध्या कपड्यांत गेलो. अण्णांनी मराठीत शपथ घेतली, एकाही शब्दात चुकले नाहीत. आजूबाजूला इतरांच्या बायका, मुलं, म्हातारे आईबाप वाकून बघत होते. नंतर आम्ही उपाहारगृहात चहा घेतला. लोक येऊन हार घालत होते, हात मिळवत होते. गर्दी ओसरल्यावर त्यांनी हार टेबलावर काढून ठेवले.

"आता कुठे राहता?" मी विचारलं.

"त्याच खोलीत. एकटा. वस्तीत लोक बोलतात, पण कामाचं बोलतात. घरात तमिळ बोलायला कुणी नाही."

"जबाब दिल्याचं वाईट वाटतं?"

"त्याचं नाही." त्यांनी कप बशीत ठेवला. "बहिणीला आधी सांगायला पाहिजे होतं, त्याचं वाटतं. मी तुम्हाला सांगितलं, कोर्टात सांगितलं, आणि तिला तुमच्या हवालदाराकडून कळलं. माझ्या तोंडून कळलं असतं तर भांडली असती, मारलं असतं मला. पण माझ्यासमोर रडली असती."

आम्ही गुन्हा उघडकीला आणला, निरपराध सुटले, वरिष्ठांनी पाठ थोपटली. कागदोपत्री प्रकरण उत्तम होतं. साक्ष देऊन माणूस घरी जातो तेव्हा दार कोण उघडतं, याचा रकाना आमच्या कागदांत नसतो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक पद्धत पाळली. कायद्यात ती कुठेच नाही. कुणी आपल्याच माणसाविरुद्ध जबाब द्यायला आला, आणि आरोपी पळून जाण्याची भीती नसली, की मी लेखणी खाली ठेवून विचारत असे, "घरी सांगितलंस का?" नाही म्हणाला तर सांगत असे, "आधी सांगून ये. मी थांबतो." काही परत आले. काही आलेच नाहीत आणि त्या केसेस माझ्या हातून गेल्या. तरी मी विचारत राहिलो.