जेवलेल्या माणसांची नावं

"काका, सही जमत नसेल तर अंगठा चालेल."

असं म्हणून साहेबानं शाईचं पॅड माझ्याकडे सरकवलं. एका बोटानं. मी तेव्हा खिशातलं पेन काढून, टोपण उघडून हातात धरलं होतं. त्याला ते दिसत होतं. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीलाही दिसत होतं. ती खाली बघायला लागली.

साहेब अरब नव्हता, गोरा नव्हता. आपलाच, पुण्याचा. दुबईत काचेच्या उंच इमारतीत बसून लोकांची कराची कामं करणारा सल्लागार. मुलीनंच शोधून काढला होता. म्हणाली होती, "मराठी माणूस आहे बाबा, तुम्हाला बोलायला सोपं जाईल."

माझी शाळा चौथीत अर्ध्यावर सुटली, हे खरं. पण सही मी करतो. मराठीत, पूर्ण नाव, रेघ न सोडता. इथल्या बँकेत तीच चालते. लायसनच्या कागदांवर तीच आहे आणि ते कागद ह्याच साहेबाच्या टेबलावर पडलेले होते. तरी पॅड.

मी पॅड परत त्याच्याकडे ढकललं. म्हटलं, "आधी वाचून दाखवा."

"रुटीन लेटर आहे काका."

"असू दे. वाच गं."

मुलगी इंग्रजी वाचून मराठीत सांगायला लागली. मध्ये अडखळली आणि एक ओळ सोडून पुढे गेली.

"काय गाळलंस?"

"काही नाही बाबा."

"वाच."

तिनं वाचलं. मी अशिक्षित, म्हातारा माणूस आहे. अज्ञानामुळे मी माझी विक्री लपवली. माझ्या वयाकडे बघून दंड माफ करावा.

"लपवली?" मी साहेबाला विचारलं.

"शब्दाला काय धरून बसताय? लपवली असं कबूल केलं तरच माफी मागता येते ना. नाहीतर माफी कशाची मागणार?"

चोर, पण अडाणी. म्हणून माफ. असं ते पत्र होतं.

इथवर कसं आलं ते सांगतो. सोनापूरच्या लेबर कॅम्पाजवळ माझी मेस आहे. मुहैस्नाह हे नाव पाटीवर, तोंडात सोनापूरच. आपल्याकडची पोरं, कोकणातली, घाटावरची, बांधकामावरची, महिन्याचे पैसे भरून माझ्याकडे जेवतात. माझ्या मेसची एक रीत आहे. नवा माणूस आला की पहिला पगार हातात पडेपर्यंत त्याचं ताट फुकट. कुणाचं काम सुटलं, कुणाच्या कंपनीनं पगार अडकवला, त्याचंही तसंच. त्याचं नाव कुठं लिहायचं नाही. पगार झाला की मागचं मागायचं नाही. आणून दिलं तर घ्यायचं नाही.

ह्याला कुणी धर्म म्हणू नये. मी काही देवमाणूस नाही. पगार घेऊन माझे पैसे थकवणाऱ्याला मी आईबहिणीवरून बोलतो, सगळ्या कॅम्पाला माहीत आहे.

ही रीत का, तेही सांगतो. मी तरुणपणी इथं आलो तेव्हा ज्या मेसला जेवायचो, तिथला मालक ताटं वाढायच्या आधी उधारीवाल्यांची नावं मोठ्यानं वाचायचा. नाव आलं की उठायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. सगळ्यांचं झालं की उरलेलं यायचं. माझं नाव रोज यायचं. भूक अशी असायची की लाज वाटायला सवड नसायची. लाज नंतर आली, पोट भरल्यावर. ती अजून गेलेली नाही. माझी मेस झाली तेव्हा ठरवलं, इथं नावं लिहायची नाहीत.

आणि ह्यातच अडकलो.

कर खात्याचं ऑडिट आलं. त्यांनी माझी पीठ-तांदळाची खरेदी घेतली. एवढं पीठ, एवढे तांदूळ, म्हणजे एवढी ताटं. विकलेली ताटं दिसतात कमी. मधली गेली कुठं? विचारलं ते बरोबर विचारलं. मीही विचारलं असतं. विचारणारा अधिकारी सभ्य होता. त्यानं स्वतः उठून मला खुर्ची पुढे केली. तो अरबी आणि इंग्रजी बोलायचा. माझ्या बाजूनं साहेब बोलणार होता.

मी साहेबाला सगळं सांगितलं. जुना मालक, ती भिंत, नवी पोरं, नाव का लिहीत नाही. समोरचा चहा गार झाला तरी बोलत होतो. अधिकारी माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला काहीतरी ऐकायचं होतं, हे मला कळत होतं. माझं संपलं. साहेब त्याच्याकडे वळला.

"नो रेकॉर्ड्स, सर."

एवढं इंग्रजी मला कळतं.

"एवढंच सांगितलंत?" मी विचारलं.

"तेवढंच रेलेव्हंट आहे काका. बाकीचं इमोशनल आहे."

निकालात तेच दोन शब्द उतरले. रेकॉर्ड नाही, म्हणजे विक्री लपवली. कर भरा, वर दंड भरा. आकडा दिरहममध्ये होता. मी तो रुपयांत करायला घेतला आणि अर्ध्यात सोडून दिला.

मला ह्या वर्षी मेस बंद करून गावी जायचं होतं. बायको खेडला एकटी. गुडघे गेलेत तिचे, पायरी चढत नाही. पण कराचं मिटल्याशिवाय मेसची कंपनी कागदावर बंद होत नाही. तशीच टाकून विमानात बसलो, तर ते म्हणतात ते मीच खरं केलं. तिचा फोन येतो. "कधी येताय?" मी म्हणतो, "बघू." ते पत्र बघून आलो त्या रात्री तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "करून टाका की सही, इथं कोण वाचायला बसलंय?"

तर त्या काचेच्या ऑफिसात, ते पत्र समोर असताना, मी म्हटलं, "मी लपवलेलं नाही. ह्याच्यावर सही होणार नाही."

साहेब हसला. मुलीकडे बघून हसला, माझ्याकडे नाही. "मग काय, दाद मागणार? फेरविचाराचा अर्ज अरबीत द्यावा लागतो. काकांचे इंग्रजीचे वांधे. आणि मुदत संपत आलीय."

"संपली तर नाही ना? उद्याच लागतो कामाला."

"ताई, तुम्ही समजवा त्यांना. ह्या वयात हट्ट बरा नाही."

मी पेनाला टोपण लावलं आणि उठलो.

मुलगी अबुधाबीला राहते, खलिफा सिटीत. मला सोडायला म्हणून सोनापूरपर्यंत आली. गाडी कॅम्पाजवळ थांबवली. मग म्हणाली, "बाबा, खलास करा ना. कोण बघणार आहे ते लेटर?"

"मी बघितलं."

"तुमचा ताठा सांभाळायला आईनं तिकडे एकटीनं किती वर्षं काढायची?"

मी दार उघडून खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी बर दुबईत गेलो. मीना बाजारच्या मागच्या गल्लीत कायद्याचे कागद अरबीत करून देणारा एक लखनौचा माणूस बसतो. मी मराठीत सुरू केलं. त्यानं हात वर केला.

"चाचा, मराठीवाला पूरी दुबई में ढूँढो, शायद मिल जाए. मेरे पास हिंदी में बोलो."

माझं म्हणणं आधी मी हिंदीत मोडलं, मग त्यानं अरबीत जोडलं. वाटेत काय काय सांडलं, देवाला ठाऊक. पण तो प्रत्येक वाक्य परत वाचून विचारायचा, "यही बोला ना?" एवढं माझ्यासाठी त्या साहेबानं केलं नव्हतं.

"थोड़ा कम बोलो चाचा, पन्ने का पैसा लगता है."

"लगने दो. एक बार कम बोलके देखा है."

तो हसला. मग चष्मा काढून म्हणाला, "कहानी अच्छी है, पर सबूत नहीं. जिन्होंने मुफ़्त खाया, उनमें से चार आदमी लिख के दे दें, तो बात बनेगी."

मी सरळ कॅम्पात गेलो. एक जण मला हवा होता. गावाहून आला तेव्हा कंपनीनं पगार अडवलेला आणि तो कितीतरी दिवस माझ्याकडे तसाच जेवला होता. आज फोरमन आहे, हाताखाली माणसं आहेत. त्याचं नाव इथंही लिहीत नाही.

"या काका, या! अरे खुर्ची द्या रे काकांना!"

त्याची माणसं चहा पीत बसली होती. मी त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. पण मला ऐकू कमी येतं, त्यामुळे माझं हळू बोलणंही मोठंच असतं. सगळ्यांनी ऐकलं. कप थांबले. एकजण पाठीमागून म्हणाला, "क्या फोरमन साब, फोकट का खाया?" बाकीचे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले.

फोरमनचा चेहरा मी बघितला.

"देतो काका," तो म्हणाला. "आणा कागद. देतो सही." त्यानं हात पुढे केला. माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता.

नावं मोठ्यानं वाचणारा तो मालक आता मी होतो.

लिहून घ्यायला आणलेला कागद घडी करून खिशात टाकला. "राहू दे. दुसऱ्याकडे जायचं होतं, चुकून तुझ्याकडे आलो."

"काका, खरंच देतो..."

"चहा पी."

त्या उन्हात कॅम्पाच्या फाटकापर्यंत चालत आलो आणि तिथं उभा राहिलो. नावं दिली तर माझी सुटका आणि त्यांची मान खाली. नाही दिली तर चोराचा शिक्का माझ्यावर. पत्रावर सही केली तरी चोर. सगळ्या बाजूंनी बंद. मग डोक्यात एकच आलं. सुटायचं कसं ते माझ्या हातात नाही. कबूल काय करायचं, ते आहे.

मुदतीच्या आत परत लखनौवाल्याकडे गेलो.

"गवाह मिले?"

"नहीं."

"तो लिख देते हैं कि नाम मालूम नहीं."

"झूठ मत लिखो. नाम मालूम है. सब याद है. लिखो, नाम मालूम है और मैं दूँगा नहीं. जो खाया, उसका नाम काग़ज़ पर नहीं आएगा. यहाँ भी नहीं."

त्याची बोटं थांबली. "चाचा, ये लाइन आपको डुबो देगी. निकाल दो."

"रखो."

"अच्छी तरह सोच लो."

"सोचके आया हूँ. रखो."

त्यानं ठेवली. परत वाचून दाखवली. खाली मी माझी सही केली, मराठीत, पूर्ण नाव.

अर्ज गेला. उत्तर यायचं आहे. मुलगी फोनवर तुटक बोलते. बायको आता कधी येताय म्हणून विचारत नाही. तो पुण्याचा साहेब मुलीला म्हणाला म्हणे, म्हातारा वाया गेला.

नाकारतील, मला तसंच वाटतं. मग पुढे समिती आहे. तिथं जायचं तर कर आधी भरावा लागतो. मोठी पातेली, गाडी, जे विकायचं ते विकीन आणि भरीन. तिथंही हेच सांगीन, हिंदीत मोडून, अरबीत जोडून. तिथंही नाही म्हणाले तर दंडही घ्या. इथंच मेलो तर इथंच मरीन.

पैसे मिळतील. कबुली मिळणार नाही.