नळाची बाटली आणि टाक्याची टिक

चौदा मे, मंगळवार, दुपारचे बारा, अमरावती. हजर: मी, आमचे हे, आमची लेक पल्लवी (सहावा महिना), तिच्या सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, आणि अकोल्याचं पाणी, बाटल्या दोन. गैरहजर: व्याही, भातकुलीला शेतावर. अर्ध्या तासानं व्याही हजर झाले आणि बाटली एक उरली.

हे कसं झालं ते क्रमानं सांगते. मला क्रम लागतो.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरची मागची खोली मी रंगवून घेतली, पाळणा पुसला, डिंक-मेथीची यादी केली. आणि विहीणबाईंचा फोन आला.

"पोरीले न्या बाप्पा, पन एक सांगा. तुमच्याकडं पानी कसं आहे?"

"म्हणजे?"

"म्हंजे नळ चार-पाच दिवसांनी येते म्हन्तात. मंग साठवलेलंच पिऊन राहिले ना तुमी? आमच्या भाचीले तिकडंच कावीळ झाली. महिनाभर हातरुनात होती. पोटूशी पोरगी आहे, मले भेव लागते."

मला राग आला. (बाईचं म्हणणं बरोबर असलं की जास्तच येतो.) पाण्याच्या बाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवावं? माझी पाण्याची स्वतंत्र वही आहे! नळ कधी आला, किती वेळ आला, रंग कसा होता, सुरुवातीचं पाणी किती मिनिटं सोडून दिलं, सगळं तिच्यात. नळाला धोतराचं दुहेरी फडकं. तुरटीचा खडा दोऱ्याला बांधलेला. अंगणात जमिनीखाली टाकं, त्यावर झाकण, झाकणावर दगड आणि दगडावर तुळशीची कुंडी! आता या बंदोबस्तात जंतू शिरणार कुठून?

"लेखी रिपोर्ट आणून दाखवते," मी म्हटलं. "मग तर नेऊ ना?"

"मंग खुशाल न्या."

अमरावतीच्या एका लॅबमधून दोन निर्जंतुक बाटल्या आणल्या, सूचनांचा कागद आणला. नळाचं तोंड आधी जाळून घ्या, बाटलीच्या काठाला हात लावू नका, पाणी थंड ठेवा, त्याच दिवशी पोचवा. नळ येण्याची वाट बघितली. तो मंगळवारी सकाळी आला. मी कापसाचा बोळा पेटवून नळाला धरला.

हे दारातून बघत होते. "अवं, नळाले अग्नी काहून देऊन राहिली?"

"निर्जंतुक करतेय."

"मले वाटलं, गेला म्हनून!"

एक बाटली नळाची भरली. दुसरी टाक्याची, ती मोटर लावून. (कुंडी कोण हलवणार?) त्यांवर 'नळ' आणि 'टाकं' अशा चिठ्ठ्या डकवल्या, बर्फाच्या डब्यात घातल्या आणि आम्ही एसटीनं अमरावती गाठलं. लॅबची खिडकी जेवणासाठी दोनपर्यंत बंद. म्हणून पल्लवीच्या सासरी गेलो आणि बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. आम्ही आत बाळंतविड्याबद्दल बोलत होतो, तेवढ्यात व्याही उन्हातून आले, त्यांनी फ्रिज उघडला आणि बाहेरूनच आवाज दिला.

"वा! विहीनबाई कधी रिकाम्या हातानं येत नाहीत. वाळ्याचं पानी आनलं वाटते!"

आम्ही तिघी धावलो. बाटली रिकामी झाली होती. मिशा पुसत व्याही म्हणाले, "वाळा कमी पडला. पन पानी गोड आहे."

"अहो, तुम्ही नळ पिऊन टाकला!" मी ओरडले.

"चष्मा शेतात राहिला ना," व्याही म्हणाले.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. पल्लवी हसून हसून भिंतीला टेकली. आमच्या ह्यांनी तेवढ्यात विचारलं, "इवाई, पोट बरं आहे ना?"

दोन वाजता मी लॅबच्या खिडकीत एकच बाटली ठेवली.

"दुसरी?"

"ती व्याह्यांनी घेतली."

"तपासायला?"

"तहान लागली म्हणून."

चार दिवसांनी रिपोर्ट आला. नमुना: टाकं. निष्कर्ष: पिण्यास अयोग्य. जंतूंचं नाव लांबलचक होतं. लॅबवाल्याला फोन केला, तर त्यानं आवाज खाली आणून सांगितलं की हे जंतू सांडपाण्यातून येतात. मी विहीणबाईंना आपणहून फोन केला. (लपवायचं मनात आलं होतं, पण पल्लवीच्या पोटात नातवंड आहे.)

"नळातूनच आलं असणार!" मी म्हटलं. "पाइप नालीतून गेलाय, वर सगळे मोटरी लावून ओढतात."

"मंग आमचे हे तुमचा नळच प्याले ना? आज सकाळी दोन पोते उचलले त्यांनी."

एका माणसाचं पोट म्हणजे लॅब नव्हे, हे मला कळत होतं. पण वादात दाखवायला बाटली माझ्याकडेही नव्हती.

"टाकं कधी धुतलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी एप्रिलात. वहीत टिक आहे!"

फोन ठेवून मी वही ह्यांच्यासमोर धरली. "दरवर्षी धुता ना तुम्ही?"

"म्या? तू फक्त सांगत होती, 'टाकं धुवायचं आहे.' मी हो म्हनत होतो."

आणि ह्यांनी हो म्हटलं की मी टिक करत होते! कुंडी हलवायला गेलो, तर तुळशीची मुळं बुडातून निघून झाकणाच्या फटीत गेलेली. पहारीनं झाकण उचकटलं, आत टॉर्च मारला. पाणी वरून अगदी नितळ. तळाशी वीतभर गाळ, एका कोपऱ्यात तडा, तड्याच्या पलीकडे शेजारची नाली. आणि पाणी उपसताना बादलीत वर आली पल्लवीची शाळेतली गुलाबी फूटपट्टी. ती हरवली तेव्हा पल्लवी तिसरीत होती.

पट्टी हातात घेऊन मी पायरीवर बसले. नळ रोज आला असता तर टाकं लागलंच नसतं, हे खरं. पण ते नितळ पाणी इतकी वर्षं मी पोरीला फुलपात्रात भरून दिलं होतं, तेही वरून फडकं आणि तुरटी लावून, मोठ्या अभिमानानं.

उपसायचं अर्ध्यावरच थांबलं. टाकं पूर्ण रिकामं केलं आणि नळ आठ दिवस आलाच नाही तर? आम्ही पाणी उकळून पिऊ लागलो.

विहीणबाईंना खरं ते सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"टाकं धुवा, तडा बुजवा, मंग पोरीले न्या. मीच घेऊन येतो तिले. पन विहीनबाई, टिक तुमी करू नका. मी टाक्यात वाकून पाहीन आन् मंग मीच करीन."

पल्लवीला आता सातवा लागलाय. वहीत 'टाकं धुणे' लिहून समोरची जागा मोकळी सोडली आहे. काल सकाळी अचानक नळ आला, चांगला तासभर, मोठ्या धारेनं. मी धावले, नळाला फडकं बांधलं, टाकं काठोकाठ भरून घेतलं आणि वहीत नवी ओळ लिहिली, 'टाकं भरणे.'

समोर ठळक टिक केली.