रजिस्टरमधला 'इन टाइम'

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. कँटीनमध्ये आपल्या डब्याच्या पिशवीत दुसऱ्यांचे चमचे येऊन पडतात ना, तसे ते येतात. कधी आले, कुणाचे आले, पत्ता नाही. आवरायला बसलं की हा ढीग! माझ्याकडचा बहुतेक ढीग कंपनीच्या गेटवरचा. घोटावड्याच्या रस्त्याला प्लास्टिकचे डबे बनवणारी आमची कंपनी. मी तिथं क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला; भरे गावाहून येते. आणि आधीच सांगते, मधे कुणी बोलायचं नाही. माझी लिंक तुटली की माझं डोकं फिरतं.

*

गेटवर सिक्युरिटीला बबनमामा. मिशा रुबाबदार, रजिस्टर त्याहून रुबाबदार. त्यात नाव, मग 'इन टाइम', मग 'आउट टाइम'. म्हणजे कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर गेलं.

पुण्याहून नवीन एचआर मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात बोर्डावर इंग्रजीत नोटीस: बी ऑन टाइम, नॉट जस्ट इन टाइम! मामांनी चष्मा लावून ती तीनदा वाचली. मग पट्टी-पेन घेतलं आणि रजिस्टरच्या पानापानावरचं 'इन' खोडून 'ऑन' करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम भडकल्या. "मामा, शिफ्ट सातची. हा माणूस सात पंचवीसला आला आणि तुम्ही लिहिलंय, ऑन टाइम सात पंचवीस?"

"तुमचीच नोटीस हाय की! इन टाइम बंद, ऑन टाइम चालू!"

मामांना 'ऑन' खोडून सगळीकडं पुन्हा 'इन' लिहावं लागलं.

*

मग मॅडमनी कँटीनमध्ये ट्रेनिंगच ठेवलं. फळ्यावर दोन शब्द लिहिले.

"ऑन टाइम म्हणजे ठरलेल्या वेळेला, घड्याळाच्या ठोक्याला. इन टाइम म्हणजे वेळ निघून जायच्या आत. समजा, एसटी साडेपाचची आहे. ती साडेपाचला आली तर ऑन टाइम. ती सुटायच्या आत तुम्ही स्टॉपवर पोचलात तर इन टाइम. कळलं?"

मागून मामा उठले. "मॅडम, ती कंदी ऑन टाइम येतीया? म्हणून तर आमी समदे इन टाइम आस्तोय!"

हसताना माझा चहा सांडला. सगळ्यांत पुढं बसलेली हिरा मात्र हसली नाही. ती वहीत लिहून घेत होती: इन टाइम, वेळ जायच्या आत.

*

हिरा कोण ते सांगायलाच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायी. रिहे गावची. घरी शेरडं, जरा भाताची खाचरं. सहा वर्षं लाईनवर हेल्पर. मशीन बिघडलं तर नुसत्या आवाजावरून सांगणार काय झालंय ते. पण तिला लाईन लीडर करायची गोष्ट निघाली की साहेब लोक म्हणायचे, "बघू." सहा वर्षं बघतच होते मेले!

नव्या मॅडमनी नियम लावला. नव्वद दिवस एकही लेट मार्क नको, मग त्या माणसाचं नाव लीडरसाठी जाणार. एक जरी लाल शेरा पडला, तर मोजणी परत एकपासून.

हिरा त्याच दिवशी मला म्हणाली, "शोभाताई, बगाच आता. लीडर हुनार म्हंजे हुनार!"

एकदा ओढ्यावरून पाणी गेलं, तिची टमटम आलीच नाही. बाई चपला हातात घेऊन बांधाबांधानं निघाली. सहा एकोणसाठला गेटवर! गुडघ्यापर्यंत चिखल. मामा म्हणाले, "आदी पाय धू, मग आत ये."

"मामा, आदी येळ लिवा! पाय कुटं जात्यात? मागनं धुते!"

*

मधे मॅडमचीही फजिती झाली. आमच्यातल्या एकीच्या मुलीचं लग्न घोटावड्यात. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा. मॅडम बारा तीसला मांडवात हजर. मांडवात कोण? आचारी आणि एक कुत्रं! नवरदेव अजून मारुतीच्या देवळापुढं नाचतोय. दीड वाजता आम्ही पोचलो, तर मॅडम एकट्याच खुर्चीत, हातात आहेराचं पाकीट धरून. मामांनी वाकून नमस्कार घातला.

"मॅडम, तुमी ऑन टाइम. आमी पंगतीला इन टाइम!"

मॅडम मोकळ्या हसल्या त्या तिथं, पहिल्यांदा. तेव्हापासून मला त्या आवडायला लागल्या, खोटं कशाला बोलू.

*

आणि मग हिराचा नव्वदावा दिवस.

सात वाजले, हिरा नाही. मॅडम लाल पेन घेऊन गेटवरच उभ्या. सात पाच. मामा सारखे रस्त्याकडं बघतायत. सात अकराला हिरा पळत आली, युनिफॉर्मच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"कुठं मेली होतीस गं?" मी ओरडलेच. राग कसला, रडायलाच येत होतं मला.

"शेळी अडली व्हती, ताई. करडाचं मागचं पाय आदी आलं. घरात कुनी न्हवतं. दोन करडं नि ती, सोडून आले आस्ते तर तिन्ही जीव गेलं आस्तं." मग मॅडमकडं वळली. "मारा लेट, मॅडम. उद्यापास्नं परत एक मोजा. मी हितंच हाय."

मामांचा हात काही लिहायला उचलेना. शेवटी हिरानंच पेन ओढून घेतलं आणि इन टाइमच्या रकान्यात लिहिलं. मामा वाकले.

"अगं, ह्ये काय? येळ लिव की!"

मॅडमनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं. तिथं इंग्रजीत, मोठ्या मोठ्या अक्षरांत होतं: येस. टू.

मॅडमनी त्या शब्दांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मामा, हा रकाना कसला आहे?"

"इन टाइमचा."

"मग बरोबर लिहिलंय तिनं. वेळ जायच्या आत, दोन करडं," म्हणाल्या, लाल पेनाला टोपण लावलं आणि आत निघून गेल्या.