बाबांचा माठ भरलेलाच होता

तुमच्यापैकी बऱ्याच जणींचे वडील माझ्या बाबांच्याच वयाचे असतील, म्हणून लिहिते.

आज दुपारी सदर भागातल्या ऑफिसात असताना शेजारच्या काकूंचा फोन आला. "लवकर ये वं, तुझे बाबा चक्कर येऊन पडले."

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पितात? मी ठसक्यात सांगितलं, रोज सकाळी माठ भरूनच घराबाहेर पडते.

संध्याकाळी बाबांना घरी आणलं आणि माठावरचं झाकण काढलं. सकाळचं पाणी काठोकाठ तसंच होतं. शेजारी पेला कोरडा.

"बाबा, काहून नाही घेतलं पाणी?"

"तहान तं लागते वं. पण तुझी आई आणून देत होती ना. उठून घ्याचं ध्यानातच नाही राहत."

आई जाऊन आठ महिने झाले.

चौकातल्या टपरीवर मात्र त्यांचे चार-पाच चहा होतात, ऊन जास्त असलं की थंडाही. तिथं कोणीतरी विचारतं आणि हातात आणून देतं.

मला आधी त्यांचाच राग आला. मग आईचा, जिनं त्यांना कधी उठू दिलं नाही. माझा राग सगळ्यात शेवटी आला.

पेला भरून हातात दिला. त्यांनी एका दमात संपवला आणि म्हणाले, "अजून दे."

उद्यापासून दुपारी दर तासाला फोन करणार आहे. पण फोनवरून पेला हातात देता येत नाही. तुम्ही कसं करता?