पाच बायका आणि हातमोज्यांचा एक जोड

अन्याय झाला तो माझ्या चुलतीवर आणि तिच्याबरोबर लागणीला, म्हणजे ऊस लावायला आलेल्या चार बायकांवर. कधी, तर सत्त्याहत्तर सालच्या बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी, कडेगावजवळच्या आमच्या उसाच्या रानात. पत्रकं लिहून लिहून मला ही सवयच लागली आहे. आधी कोण, मग कधी, मग कुठे. राग शेवटी लिहायचा. खरं सांगायचं तर आता रागही फारसा उरलेला नाही. दमलोय.

मी विज्ञानाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला कुणीही भेटलं की तेच विचारतं. विजेची मोटर आली तेव्हा आमच्या बैलांची मोटेतून सुटका झाली, ते मी डोळ्यांनी बघितलंय. सांगलीला कॉलेजात असताना आम्ही चार-पाचजण सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं घेऊन खेड्यापाड्यांत हिंडायचो. त्यातल्या एका पत्रकात आम्हीच लिहिलं होतं, की उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, औषधाच्या पाण्यात बुडवून मगच लावा, म्हणजे ते मातीत कुजत नाही. ते खोटं नव्हतं. बेणं खरंच कुजत नाही. ते पत्रक चुलत्याला वाचून दाखवणाराही मीच.

चुलता म्हणाला, "रेडिओवर बी तेच सांगत्यात. आणू या की डबा."

डबा आला. आत गुलाबी पूड. कडेगावच्या खताच्या दुकानदाराने डब्याबरोबर रबरी हातमोज्यांचा एक जोड दिला. कंपनीकडून फुकट, म्हणाला. अर्ध्यात कापलेल्या पिंपात पाणी भरलं, पूड कालवली, पाणी गुलालासारखं झालं. बायका टोपलीतल्या कांड्या त्यात टाकायच्या, जरा वेळाने कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढायच्या आणि सरीत नेऊन लावायच्या. डब्यावरच्या सूचना इंग्रजीत होत्या, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्या मी बांधावर उभा राहून वाचल्या आणि मोठ्याने मराठीत सांगितल्या: मोजे घाला, काम झालं की साबणाने हात धुवा.

"व्हय रं बाबा, धुतो," चुलती म्हणाली. मोजे तिने पदरात गुंडाळून घेतले होते. ती ते कधी घालते, हे बघायला मी थांबलो नाही. दुपारच्या गाडीने मला सांगलीला जायचं होतं. आमची सभा होती. विषय, ग्रामीण जनतेचं आरोग्य.

दिवाळीला घरी आलो. चुलती चुलीपुढे बसली होती. भाकरी थापताना तिची बोटं थरथरत होती आणि भाकरीच्या कडेला चिरा पडत होत्या. आमच्या भावकीत तिच्यासारखी गोल भाकरी कुणाची नव्हती. तव्यावरची भाकरी तिने नुसत्या बोटांनी उचलली आणि धरून ठेवली. मी ओरडलो, "काकी, भाजंल की!"

तिने बोटांकडे बघितलं. फोड आला होता. हसून म्हणाली, "आता चटकाच लागत न्हाई गड्या. बरं झालं, सांडशीचं काम गेलं."

तिला सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय झालं, ताकदीची इंजेक्शनं घ्या. मी गुलाबी पाण्याचं सांगितलं. तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, असेलही, पण ते ठरवायची तपासणी इथे होत नाही, मुंबईला जावं लागेल. मुंबईला कोण नेणार होतं? गुऱ्हाळाचे दिवस होते. म्हणून मला जे येतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. मथळा ठळक: "कंपनीने कष्टकरी स्त्रियांना विषात हात घालायला लावले. संरक्षणाचे कोणतेही साधन दिले नाही."

"कोणतेही साधन दिले नाही" हे मी लिहिलं. एक जोड मी स्वतः बघितला होता. पण पत्रकात 'एकच जोड दिला' असलं अर्धं वाक्य जोरात बसत नाही. आम्हाला असंच लिहायची सवय होती.

पत्रक साताऱ्यापर्यंत गेलं आणि पंधरा दिवसांत कंपनीची जीप आमच्या दारात. साहेब तरणा होता, माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट. पारावरची माणसं गोळा झाली. त्याने पत्रक उघडलं आणि चुलतीलाच विचारलं, "आजी, मोजे मिळाले नव्हते का तुम्हाला?"

"मिळालं की."

"कुठायत?"

चुलती आत गेली आणि ट्रंकेतून मोजे घेऊन आली. कोरे करकरीत. प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेसुद्धा नव्हते. साहेबाने ते सगळ्यांना दिसतील असे वर धरले. पारावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पुढारी, पत्रक परत घ्या आता!" मी मान खाली घातली.

त्या मोज्यांची गोष्ट मला तेव्हाच कळली. तिचा मुलगा, माझा चुलत भाऊ, विट्याच्या एका माणसाच्या हाताखाली दूर कुठल्या शहरात सोनं गाळायच्या दुकानात होता. पोराचे हात तेजाबात, सोनं गाळायच्या ॲसिडात, म्हणून तिने मोजे त्याला पाठवले. आईने धाडलेली नवी वस्तू तेजाबात कशाला खराब करायची, म्हणून त्याने ते जपून ठेवले आणि दिवाळीला परत आणले. आमच्याकडे चांगली वस्तू अशीच वापरतात.

साहेब म्हणाला, "आम्ही देतो. तुम्ही लोक वापरत नाही. मग दोष कंपनीला?"

तेव्हा चुलती बोलली. आवाज चढवला नाही. "आवं सायेब, मोजं किती?"

"एक जोड."

"आन् आमी पाचजणी. रान माजं. म्हंजी मी मोजं घालून पाण्यात हात घालायचा आन् त्या चौघींनी उघड्या हातानं? माज्या रानात आलेल्या बायका हायत त्या. त्यास्नी काय तोंड दावू?"

हशा थांबला. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चला, निदान लिहून तरी घेतलं.

काय लिहिलं ते पुढच्या लागणीला कळलं. डब्याबरोबर मोजे आलेच नाहीत. दुकानदार म्हणाला, कंपनीने बंद केले, शेतकरी वापरत नाहीत म्हणे. डब्याची किंमत मात्र होती तेवढीच राहिली.

आता तिसरी लागण तोंडावर आली आहे. चुलतीला सुईत दोरा ओवता येत नाही. ती म्हणते, बोटात मुंग्या असतात, पण त्या चालत नाहीत, नुसत्या बसून असतात. त्या चौघींपैकी एकीचा हातही थरथरायला लागलाय असं ऐकतो. चुलतीच्या हातांचं आता काही होईल असं मला वाटत नाही. कंपनीला लिहून झालं, कचेरीत अर्ज देऊन झाले. म्हणून हे आता तुम्हाला लिहितोय, ज्यांच्या रानात यंदा लागण आहे त्यांना.

डबा फोडण्याआधी पिंपाभोवतीच्या बायका मोजा. मग मोजे मोजा. एक जोड जरी कमी असला, तरी डबा तसाच दुकानदाराच्या फळीवर नेऊन ठेवा. आणि मोजे पुरेसे असतील तर तिथून हलू नका. माझ्यासारखी दुपारची गाडी पकडू नका. सगळ्या जणींच्या हातात ते चढलेले डोळ्यांनी बघा, मगच पाण्यात पूड टाका.