देवासमोर केलेल्या सह्या

नवऱ्याने भांडुपला मसाल्याचं दुकान काढलं ते माझ्या नावावर. म्हणे, घरच्या लक्ष्मीचा हात लागू दे. बँकेतलं खातंही माझंच. चेकबुक आलं तेव्हा त्याला हळदकुंकू लावून, देवासमोर बसून मी सगळ्या कोऱ्या चेकांवर सह्या करून दिल्या. पुढे त्यावर आकडे तोच टाकायचा. खात्यात किती पैसे आहेत हे मी कधी विचारलं नाही.

मिरचीच्या व्यापाऱ्याला दिलेले चेक बाउन्स झाले. वकिलाची नोटीस आली, ती नवऱ्याने माझ्यापासून लपवली. मग एका सकाळी दारात हवालदार आला आणि समन्सवरचं माझं नाव त्याने मोठ्याने वाचलं. शेजारणी ऐकत होत्या.

"जेलमध्ये टाकतील का रे मला?" मी नवऱ्याला विचारलं. त्याने समन्सची घडी करून खिशात घातली.

कोर्टात माझ्या नावाचा पुकारा झाला. आरोपी म्हणून. मी उठून उभी राहिले. शेजारी बसलेला नवरा हळूच म्हणाला, "घाबरू नकोस गं, मी आहे ना."

कुठे आहेस, मेल्या? एका तरी कागदावर दाखव.